हेक्टरी पाच हजार : अनुदान सातबाऱ्याला मिळतं, तोटा मात्र पेरणाऱ्याला

हिंगोली : हमीभाव 5,328 रुपये. मोंढ्यातला भाव त्याच्या कितीतरी खाली, चार ते साडेचार हजारांच्या आसपास. 2025 च्या सुगीत हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतल्या सोयाबीन उत्पादकाला हेच चित्र दिसलं. त्याआधी सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं शेंगा जागेवर कुजल्या. जे हाती लागलं त्यातही डागी माल जास्त. हमीभाव खरेदी 15 नोव्हेंबरपासून सुरू झाली, पण तोपर्यंत दिवाळी होऊन गेली होती आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी पैसा लागत होता. अनेकांनी माल आधीच आडत्याकडे नेऊन टाकला.

त्यामुळे मागणी पुन्हा एकच : "भावातला फरक सरकारनं द्यावा." मागणी रास्त आहे. पण अनुदान नुसतं जाहीर झालं म्हणजे ते तोटा झालेल्या माणसापर्यंत पोचतंच असं नाही. हे याच जिल्ह्यानं 2023 च्या खरिपाच्या अनुदानात पाहिलं आहे. पुढचं अनुदान मागण्याआधी मागच्याचा हिशोब मांडणं गरजेचं आहे.

मागच्या वेळी काय झालं?

2023 चा खरीप लक्षात असेल. ऑगस्ट महिना जवळपास कोरडा गेला. देशात 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. त्यावर सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकचा रोग आला. उतारा घटला. उतारा घटल्यावर निदान भाव तरी वाढेल अशी आशा होती, तीही फोल ठरली. त्या वर्षीचा हमीभाव होता 4,600 रुपये, आणि 2024 च्या सुरुवातीला बाजारभाव त्याच्याही खाली गेला.

जून 2024 मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरच्या मर्यादेत, असं अनुदान जाहीर झालं. 20 गुंठ्यांच्या आत, म्हणजे 0.20 हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र असेल तर सरसकट 1,000 रुपये. एकूण तरतूद 4,194 कोटींची. त्यात सोयाबीनला 2,646 कोटी आणि कापसाला 1,548 कोटी.

पैसे खात्यावर पडायला सुरुवात झाली 30 सप्टेंबर 2024 ला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. योगायोग म्हणायचा की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. हिशोब मात्र असा : ज्यानं दिवाळीआधी, म्हणजे नोव्हेंबर 2023 च्या आसपास माल विकला, त्याला भावातला फरक जवळपास अकरा महिन्यांनी मिळाला. मधल्या काळात एक रब्बी गेली, उन्हाळा गेला, दुसऱ्या खरिपाची पेरणी झाली. त्या पेरणीचं बी-खत उधारीवर किंवा व्याजानं आणलं गेलं. अकरा महिन्यांनी आलेले पैसे अनेक घरांत आधी कृषी सेवा केंद्राची उधारी फेडायलाच गेले.

पाच हजारांत किती फरक भरला?

हेक्टरी 5,000 म्हणजे एकरी साधारण 2,000 रुपये. आता समजा एखाद्यानं 4,600 हमीभाव असताना माल 4,200 नं विकला. क्विंटलमागे 400 रुपयांचा तोटा.

एकरी 4 क्विंटल उतारा असेल तर तोटा 1,600 रुपये. अनुदान 2,000. म्हणजे भरपाई पूर्ण, वर चारशे.

एकरी 6 क्विंटल उतारा असेल तर तोटा 2,400. अनुदान तेच 2,000. चारशे कमी पडले.

एकरी 8 क्विंटल उतारा असेल तर तोटा 3,200. अनुदान तरी 2,000 च. बाराशे कमी.

यातून एक गोष्ट दिसते. हेक्टरी अनुदान हे नावाला भावातला फरक आहे, पण वागतं ते दुष्काळी मदतीसारखं. ज्याचं कमी पिकलं त्याला क्विंटलमागे जास्त, ज्याचं जास्त पिकलं त्याला कमी. 2023 सारख्या वर्षात, कोरडवाहूवाल्याचं पीकच गेलेलं असताना, ही पद्धत लहान शेतकऱ्याच्या बाजूनं गेली हे मान्य करायला हवं. विक्रीची पावती लागत नव्हती. ज्याच्याकडे विकायला फारसं काही नव्हतं, त्यालाही पैसे मिळाले.

आता हेच गणित 2025 च्या भावाला लावून पाहा. हमीभाव 5,328, समजा विक्री 4,200 नं. फरक 1,128 रुपये. एकरी 6 क्विंटलवाल्याचा तोटा झाला 6,768 रुपये. त्याला एकरी 2,000 दिले तर तिसरा हिस्साही भरून निघत नाही. म्हणून "मागच्यासारखं हेक्टरी पाच हजार द्या" ही मागणी आजच्या भावात फार कमी पडते. मागणाऱ्यांनी आकडा नीट धरला पाहिजे.

कागद कुणाचा, घाम कुणाचा?

खरा प्रश्न मात्र रकमेपेक्षा मोठा आहे. पैसे कुणाच्या नावावर जातात?

अनुदानाची पहिली अट होती ई-पीक पाहणी. मोबाईलवर ॲप उघडून, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो टाकून नोंद करायची. राज्यभर ही पद्धत ऑगस्ट 2021 पासून लागू आहे. ज्यांच्या शिवारात रेंज नाही, ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे, ज्यांचं ॲप ऐनवेळी अडकलं, त्यांची नोंद राहिली. नंतर ओरड झाल्यावर सातबाऱ्यावर पीक असलेल्यांनाही घेण्याचा निर्णय झाला. पण त्यासाठी पुन्हा तलाठ्याकडे आणि कृषी सहायकाकडे हेलपाटे आलेच.

दुसरी अट आधार आणि संमतीपत्राची. तिसरी अडचण सामायिक खात्याची. चार भावांचा एकच सातबारा, एक गावात, एक पुण्याला, एक संभाजीनगरला, एकाशी बोलणं बंद. अनुदान एकाच्या खात्यावर टाकायचं तर बाकीच्यांचं ना हरकत पत्र हवं. दोन-अडीच हजारांसाठी पुण्याहून भाऊ सही द्यायला येत नाही. खातेदार वारलेला आणि वारस नोंद झालेली नाही, अशा घरांची अडचण तर विचारूच नका. बाई शेतात राबते, पेरणीपासून मळणीपर्यंत तीच असते, पण सातबारा अजून सासऱ्याच्याच नावावर.

या सगळ्या अडचणी कागद पूर्ण करून सुटू शकतात. बटईदाराची अडचण तशी सुटत नाही, कारण त्याच्याकडे कागदच नसतो.

गावोगावी कितीतरी जमीन आज मालक स्वतः कसत नाही. कुणी नोकरीला बाहेर, कुणी म्हातारं झालेलं, कुणाकडे बैल-ट्रॅक्टर नाही. ती जमीन कसतो गावातलाच दुसरा कुणीतरी, बटईनं किंवा ठोक्यानं. त्याच्या बाबतीत अनुदानाचं गणित काय होतं ते पाहा.

समजा पाच एकर सोयाबीन निम्म्या बटईनं आहे. एकरी 6 क्विंटल, म्हणजे एकूण 30 क्विंटल. मालकाचे 15, बटईदाराचे 15. क्विंटलमागे 400 चा तोटा धरला तर दोघांचंही 6,000 रुपयांचं नुकसान. अनुदान आलं 2 हेक्टरचं, 10,000 रुपये, सगळं मालकाच्या खात्यावर. मालकाचं नुकसान भरून वर 4,000 उरले. बटईदार 6,000 नं खालीच.

ठोक्यात तर आणखी उलटं होतं. मालकानं पाच एकराची ठरलेली रक्कम आधीच घेतली. भाव पडो की चढो, त्याचं काही गेलं नाही. ठोकेकऱ्याचं नुकसान 30 क्विंटलचं, म्हणजे 12,000 रुपये. अनुदान 10,000, तेही मालकाला. ज्याचा रुपयाही बुडाला नाही त्याला दहा हजार, आणि ज्याचे बारा हजार बुडाले त्याला शून्य.

काही मालक मनानं मोठे असतात. पैसे आल्यावर बटईदाराला निम्मे देतात. पण ते त्यांच्या मनावर. सरकारच्या योजनेत गरिबाचा हक्क कुणाच्या मोठेपणावर सोडून द्यावा का, हा प्रश्न राहतोच.

आता यात एक नवी गाठ पडली आहे. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, लागतो. तो सातबाऱ्यावरच्या नावाला जोडलेला आहे. यामुळे बोगस लाभार्थी कमी होतील, एका क्लिकवर पैसे जातील, हे खरं. पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही तो सरकारच्या लेखी शेतकरीच नाही, हेही तितकंच पक्कं झालं.

क्विंटलवर द्यावं की हेक्टरवर?

अनुदान देण्याच्या दोन्ही पद्धती महाराष्ट्रानं वापरून पाहिल्या आहेत.

कांद्याला 2023 मध्ये क्विंटलवर दिलं. त्या वर्षी 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, कमाल 200 क्विंटल. म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 70,000. ज्यानं जितका विकला तितकं मिळालं, हे न्यायाचं. पण विक्रीची पावती आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद दोन्ही हवी होती. पावती आहे पण नोंद नाही असे खूप निघाले, आणि मग गावपातळीवर पडताळणी करण्याचा मार्ग काढावा लागला.

धानाचा प्रवास उलटा झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या धान उत्पादकांना आधी क्विंटलमागे 700 रुपये बोनस मिळायचा, 50 क्विंटलपर्यंत. त्यात व्यापाऱ्यांचा माल शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर खपवला जातो अशा तक्रारी आल्या. मग सरकार हेक्टरवर आलं. 2023-24 च्या खरिपात हेक्टरी 20,000 रुपये, 2 हेक्टरपर्यंत. नोंदणी केलेली असली म्हणजे पुरे, धान केंद्रावर विकलेलं असो की नसो.

इथं मराठवाड्यातला शेतकरी विचारणारच : धानाला हेक्टरी वीस हजार आणि सोयाबीनला पाच हजार, हे कसं? धानाच्या शेतकऱ्याला मिळतंय ते कमी व्हावं असं कुणी म्हणत नाही. पण कोणत्या पिकाला किती, याचा एक ठरलेला नियम कुठंच लिहिलेला नाही. दरवर्षी अधिवेशनात घोषणा होईल तेव्हा आकडा कळतो. कधी घोषणाच होत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशानं नियम लिहून टाकला आहे. तिथं 2017 मध्ये भावांतर योजना आली आणि 2025 च्या खरिपात सोयाबीनसाठी पुन्हा सुरू झाली. पद्धत अशी : शेतकऱ्यानं आधी नोंदणी करायची, 24 ऑक्टोबर ते 15 जानेवारी या काळात मंडीत माल विकायचा. सरकार मंड्यांतल्या व्यवहारांवरून एक मॉडेल भाव काढतं. हमीभाव आणि मॉडेल भाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यावर जातो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला मॉडेल भाव निघाला 4,020 रुपये. हमीभाव 5,328. फरक क्विंटलमागे 1,308 रुपये. आणि पैसे द्यायला सुरुवात त्याच महिन्यात झाली.

एकरी 6 क्विंटलवाल्याला या हिशोबानं एकरी 7,800 च्या वर मिळतात. आपल्याकडच्या जुन्या हेक्टरी पाच हजारात 2,000.

पण भावांतरालाही खोट आहे. 2017 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांची मोठी तक्रार होती की, फरक सरकार देणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी मुद्दाम बोली खाली आणली. दुसरं, मॉडेल भाव हा सरासरीचा. ज्याचा माल ओला, डागी, म्हणून 3,500 नं गेला, त्यालाही फरक मॉडेल भावापर्यंतचाच मिळतो, खालचे पाचशे त्याच्या अंगावर. आणि तिसरं, जो गावातच खेडा खरेदीवाल्याला माल घालतो, पावती घेत नाही, तो पूर्ण बाहेर. आपल्याकडे एक-दोन एकरवाला नेमका तसाच विकतो. दहा कट्टे घेऊन मोंढ्यात जायला गाडीभाडंच परवडत नाही.

म्हणजे हेक्टरी अनुदान सोपं, पण तोकडं. क्विंटलवरचं न्यायाचं, पण पावती मागणारं. कोणतंही घ्या, बटईदार दोन्हींत अडचणीत. तरी त्यातल्या त्यात क्विंटलच्या पद्धतीत एक फट आहे : माल ज्यानं विकला त्याच्या नावाची पावती निघू शकते. कसणाऱ्याची नोंद असेल तर पैसे त्याला जाऊ शकतात.

बटईदाराला हिशोबात धरता येतं का?

"तसं करता येत नाही, कायदा आडवा येतो," असं उत्तर कचेरीत मिळतं. त्यात तथ्य आहे. मराठवाड्यात हैदराबाद कूळवहिवाट कायदा 1950 चा आहे. कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं की "कूळ लागेल, जमीन जाईल" ही मालकाची भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून बटई तोंडी ठरते, चहाच्या टपरीवर, आणि तोंडीच मोडते.

तेलंगणानं 2018 मध्ये रयतु बंधू योजना आणली, तेव्हा हाच प्रश्न आला. एकरी पैसे पट्टेदार मालकाला दिले, कसणारे कौलदार बाहेर राहिले. नांदेडच्या सीमेपलीकडच्या गावांत हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

आंध्र प्रदेशानं मात्र 2019 मध्ये वाट काढली. पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा वेगळा कायदा केला. मालक आणि कसणारा यांच्यात अकरा महिन्यांचा साधा करार. त्यावर कसणाऱ्याला कार्ड मिळतं. त्या कार्डावर पीककर्ज, विमा, मदत मागता येते, आणि मालकाच्या मालकी हक्काला हात लागत नाही, हे कायद्यातच लिहिलं. ओडिशानंही कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांना वेगळी मदत धरली होती. अंमलबजावणीत अडचणी तिथंही आहेत. मालक करारावर सही द्यायला कचरतात. पण निदान दार तरी ठेवलेलं आहे. आपल्याकडे पीक विम्यात नोंदणीकृत भाडेकरार असेल तर कसणाऱ्याला भाग घेता येतो. जे विम्याला चालतं ते भावाच्या अनुदानाला का चालू नये, हा सवाल जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना विचारण्यासारखा आहे.

भाव पडतो कशानं?

अनुदानावर बोलताना मूळ दुखणं विसरता कामा नये. सोयाबीनमध्ये तेल साधारण 18 टक्के, बाकी बहुतेक ढेप. म्हणून सोयाबीनचा भाव तेलावर जितका ठरतो, त्याहून जास्त ढेपेवर ठरतो. कोंबडी आणि जनावरांच्या खाद्यात सोयाढेपेला आता मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा स्पर्धा करतो. तो स्वस्त पडतो, म्हणून ढेपेची मागणी मार खाते.

दुसरीकडे तेलाची आयात. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलात निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. केंद्रानं सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. शेतकऱ्याला वाटलं आता भाव धरेल. मे 2025 च्या शेवटी तेच शुल्क 10 टक्क्यांवर आणलं. कापसाचंही तसंच : ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नेमक्या आपल्या वेचणीच्या काळात.

शहरातल्या गिऱ्हाईकाला तेल स्वस्त मिळावं, गिरणीला रुई स्वस्त मिळावी, हे सरकारचं धोरण असू शकतं. पण त्याची किंमत शेतकरी मोजत असेल तर भावातला फरक ही भीक राहत नाही, तो त्याचा हिशोबातला पैसा ठरतो. अनुदानाला "मदत" म्हणायचं की "देणं", हे इथं ठरतं.

मग हमीभाव खरेदी?

सगळा माल केंद्रावर 5,328 नं घेतला तर अनुदानाची गरजच नाही, असं कुणी म्हणेल. पण हमीभाव खरेदी योजनेत केंद्र साधारणपणे राज्याच्या उत्पादनाच्या 25 टक्क्यांपर्यंतच माल घेतं. 2024-25 मध्ये हमीभाव 4,892 होता आणि महाराष्ट्रात सुमारे 11 लाख टन सोयाबीन घेतलं गेलं. आतापर्यंतच्या मानानं ती मोठी खरेदी होती. तरीही बारदाना संपला म्हणून केंद्रं बंद, ओलावा 12 टक्क्यांवर म्हणून माल परत, रांगेत ट्रॅक्टरचं भाडं अंगावर, हे सगळं झालं. ओलाव्याची अट नंतर 15 टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तेव्हा नोव्हेंबर निम्मा सरला होता. 2025-26 साठी राज्याला साडेअठरा लाख टनांची मंजुरी मिळाली. ही वाढ चांगली. पण ज्याच्या मालाला सप्टेंबरचा पाऊस लागला, ज्याचा दाणा डागी आहे, त्याचा माल केंद्रावर बसतच नाही. तो बाजारातच जातो, आणि फरकाची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते.

2024 च्या विधानसभा निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात सोयाबीनला 6,000 रुपये भाव देण्याचं आश्वासन होतं. हमीभाव त्याच्या 672 रुपये खाली आणि बाजार त्याहून बराच खाली. शब्द दिलेला आहे, तर तो कोणत्या पद्धतीनं पाळणार हे सुगीनंतर नव्हे, पेरणीआधी सांगायला हवं.

मागणी काय असावी?

नुसतं "अनुदान द्या" म्हणण्यापेक्षा चार गोष्टी मागणं जास्त उपयोगाचं.

पहिली, नियम आधी जाहीर करा. बाजारभाव हमीभावाच्या इतका खाली गेला तर इतकं मिळेल, हे मे-जूनमध्ये कळू द्या. मग कुणी घाईनं माल विकायचा की थांबायचं, हे ठरवू शकतो.

दुसरी, पैसे विक्रीनंतर दोन महिन्यांत द्या. अकरा महिन्यांनी आलेला पैसा सावकाराचं व्याज थांबवत नाही.

तिसरी, लहान शेतकऱ्याला पावतीची सक्ती नको. राज्यात सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे. दोन एकराच्या आतल्याला हेक्टरी ठोक रक्कम, त्याच्यावरच्याला क्विंटलवर फरक, अशी दोन्हींची सांगड घालता येईल.

चौथी, कसणाऱ्याची नोंद. ई-पीक पाहणीत "जमीन कोण कसतो" असा एक रकाना, मालकाच्या संमतीनं, कूळ हक्क लागणार नाही या लेखी हमीसह. कायदा बदलायला वेळ लागेल, पण रकाना काढायला तितका लागणार नाही.

तोपर्यंत काय करावं?

सरकार काय करेल ते करेल. मागच्या वेळी ज्यांचे पैसे अडकले ते बहुतेक कागदामुळे अडकले, म्हणून एवढं तरी पाहून घ्या. ई-पीक पाहणी खरिपात साधारण 1 ऑगस्टला सुरू होते, ती शेवटच्या दिवसावर ठेवू नका. नोंद झाल्यावर ती सातबाऱ्यावर आली का ते पाहा. फार्मर आयडी निघाला नसेल तर सेतू केंद्रावर जाऊन काढा. अनुदान आधारला जोडलेल्या खात्यावर जातं. आपण दिलेलं खातं एक आणि आधारला जोडलेलं दुसरं, असं असेल तर पैसे भलत्याच जुन्या खात्यात पडतात. बँकेत जाऊन एकदा विचारा. सामायिक खातं असेल तर भावांच्या सह्या सणाला सगळे गावी आल्यावर घेऊन ठेवा. माल विकल्यावर काटापट्टी आणि पक्की पावती मागा, कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. वारस नोंद राहिली असेल तर ती या उन्हाळ्यातच उरकून घ्या.

आणि जमीन बटईनं किंवा ठोक्यानं असेल तर पेरणीच्या आधीच मालकाशी दोन शब्द बोलून ठेवा : अनुदान आलं, नुकसान भरपाई आली, तर वाटणी कशी. दोन जाणत्या माणसांसमोर ठरलं तरी चालेल. पैसे खात्यावर पडल्यावर हा विषय काढला की भांडणं होतात, आणि पुढच्या वर्षी जमीनही हातची जाते.

मालकांसाठीही एक गोष्ट. ठोक्याची पूर्ण रक्कम घेतल्यावर भावाच्या फरकाचा पैसा आपल्या खात्यात आला, तर तो कुणाच्या तोट्याचा आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सरकारी यादीत नाव कुणाचंही असो, शेत कुणी पेरलं हे शिवाराला ठाऊक आहे.